रुग्णोक्त आहार : ऐकावा कसा, पारखावा कसा?

निदानपरिवर्जन हा आपल्या चिकित्सेचा पाया आहे. ज्या कारणाने दोष दुष्ट झाले ते कारण दूर केल्याखेरीज दिलेले औषध म्हणजे गळक्या घागरीत भरलेले पाणी, हे वैद्यबंधुभगिनींना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु हे कारण बहुतांशी आहारात दडलेले असते आणि त्या आहाराची माहिती आपल्याला रुग्णाच्या तोंडूनच मिळते. नाडी आपण स्वतः पाहतो, जिव्हा स्वतः पाहतो, उदर हाताने चाचपतो. आहार मात्र आपण पाहत नाही; तो केवळ ऐकतो. ऐकलेले केसपेपरवर उतरवतो आणि त्यावर पथ्यापथ्य, औषधयोग व मात्रा यांची सारी इमारत उभी करतो. हा आधार कितपत भक्कम आहे आणि तो अधिक भक्कम कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

'जेवण काय असते?' या प्रश्नाला मिळणारे उत्तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. 'दोन पोळ्या, वाटीभर भाजी, थोडा वरणभात. फारसे काही नाही, डॉक्टर.' हे उत्तर स्थूल रुग्ण देतो, कृश रुग्ण देतो, प्रमेही देतो आणि आम्लपित्ताचा रुग्णही देतो. इतक्या भिन्न प्रकृतींच्या व भिन्न व्याधींच्या माणसांचे ताट शब्दशः सारखे असणे संभवनीय नाही. तेव्हा हे उत्तर त्या रुग्णाच्या ताटाचे वर्णन नसून, आपल्या समाजात 'बेताचे जेवण' म्हणून जे मान्य आहे त्याचे वर्णन असते.

मोजमाप काय सांगते?

रुग्ण सांगतो तो आहार आणि प्रत्यक्ष घेतो तो आहार यांतील अंतर मोजणे फार काळ शक्य नव्हते, कारण एका सांगण्याची तुलना दुसऱ्या सांगण्याशीच करावी लागे. ही अडचण एका वेगळ्या उपायाने दूर झाली. पाण्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड रूपे, म्हणजे ड्युटेरियम व ऑक्सिजन-१८, असलेले पाणी ठरावीक प्रमाणात प्यावयास द्यावयाचे. ड्युटेरियम शरीराबाहेर पडते ते पाण्याच्याच रूपाने. ऑक्सिजन-१८ मात्र पाण्याबरोबर आणि शिवाय उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडबरोबरही बाहेर पडतो. काही दिवसांच्या मूत्राच्या नमुन्यांवरून या दोहोंच्या बाहेर पडण्याच्या वेगातील फरक काढला की शरीराने किती ऊर्जा खर्च केली ते कळते. वजन स्थिर असेल तर जितका खर्च तितकीच जमा, हा सरळ हिशोब आहे. ही पद्धत लिफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ च्या सुमारास प्राण्यांवर वापरली आणि १९८२ मध्ये ती मनुष्यावर वापरल्याचे प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या स्मरणावर मुळीच अवलंबून नसलेला असा साक्षीदार प्रथमच उपलब्ध झाला.

त्याची साक्ष विचार करावयास लावणारी आहे. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात न्यूयॉर्क येथील एका अभ्यासाचा वृत्तांत आला. रोज १२०० कॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या १० स्थूल व्यक्ती त्यात होत्या. त्यांच्या सांगण्यानुसार त्यांचा आहार दिवसाला सरासरी १०२८ कॅलरी होता. मोजमापानुसार तो २०८१ निघाला. व्यायामाच्या बाबतीत उलट घडले. तो त्यांनी निम्म्याने वाढवून सांगितला होता. त्यांच्या शरीराचा ऊर्जाव्यय मंद असावा, ही शंका तपासली असता तो अपेक्षेइतकाच आढळला.

हा केवळ स्थूल रुग्णांचा दोष समजू नये. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात १९९९-२००० मध्ये ४० ते ६९ वर्षे वयाच्या ४८४ सामान्य स्त्रीपुरुषांवर हाच प्रयोग झाला. 'गेल्या २४ तासांत काय खाल्ले' असे विचारले तेव्हा पुरुषांनी १२ ते १४ टक्के आणि स्त्रियांनी १६ ते २० टक्के ऊर्जा कमी सांगितली. 'एरवी अमुक पदार्थ किती वेळा खाता' अशा प्रश्नावलीत मात्र ही तूट ३१ ते ३८ टक्क्यांपर्यंत गेली. माणसे तीच आणि आहारही तोच, केवळ प्रश्न बदलला आणि चूक दुपटीहून अधिक झाली. आपल्या चिकित्सालयांत सर्रास विचारला जातो तो 'जेवण काय असते?' हा प्रश्न या दुसऱ्या, अधिक चुकणाऱ्या प्रकारातला आहे.

असत्य नव्हे, स्मृतीचा स्वभाव

येथे रुग्णाला असत्यवादी ठरविणे अन्यायाचे होईल. एकेक घास जपून ठेवावा, असे स्मृतीचे कार्यच नाही. रोज घडणाऱ्या गोष्टींचा ती एक ठोकळ साचा करून ठेवते. 'एरवी काय खाता?' असे विचारले की रुग्ण हा साचा पुढे करतो. साच्यात ताट असते. परंतु फोडणीचे तेल, पोळीला लावलेले तूप, भाजी शिजताना घेतलेली चव, मुलाच्या ताटातले उरलेले दोन घास, दुकानात गिऱ्हाइकाबरोबर झालेला चहा आणि दूरदर्शनसमोर संपलेली शेवेची पुडी त्यात नसते. जे बसून, वाढून घेऊन खाल्ले ते 'जेवण'. जे उभ्याने, बोलता बोलता खाल्ले ते जणू खाल्लेच नाही.

भाषेचाही यात वाटा आहे. 'आज उपवास आहे' असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नाही; कारण आपल्या भाषेत फराळ हे जेवण नव्हे. परंतु १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० आणि तेवढ्याच शेंगदाण्यांत ५०० हून अधिक कॅलरी असतात, हे लक्षात घेतले तर एकादशीची बशीभर खिचडी कित्येकदा नेहमीच्या जेवणाला मागे टाकते. ज्याला आपण लंघन सांगितले तो मनोभावे उपवास करतो आणि अग्निमांद्यात गुरु आहाराची भर पडते.

यात लोकलज्जेचीही भर पडते. वैद्यासमोर बसलेला रुग्ण आपल्या चेहऱ्यावरून 'योग्य' उत्तर वाचीत असतो. 'बाहेरचे खात नाही ना?' असा प्रश्न विचारणे म्हणजे उत्तर आधीच हाती देणे होय. सासूबाई शेजारी बसल्या असता सुनेने, किंवा पत्नी शेजारी असता पतीने, दिलेले उत्तर हे वैद्याला दिलेले नसते. शिवाय घरातील पुरुषाला भाजीत तेल किती पडते हे ठाऊकच नसते आणि जिला ते ठाऊक असते ती स्वतः सर्वांच्या मागून, उरलेले जेवते. तेव्हा तिने केलेले कुटुंबाच्या आहाराचे वर्णन तिच्या स्वतःच्या आहाराला लागू पडेलच असे नाही.

चूक दोन्ही दिशांना होते

रुग्ण आहार कमीच सांगतो, असा समज करून घेणे मात्र धोक्याचे आहे. आहारसर्वेक्षणाच्या अभ्यासकांना एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे. बह्वाशी मनुष्य कमी सांगतो, तर अल्पाशी मनुष्य अधिक सांगतो. दोघेही आपापले उत्तर समाजमान्य मध्याकडे ओढतात. पहिल्या चुकीची आपण थट्टा करतो. दुसरीकडे आपले लक्षच जात नाही आणि अपाय तेथे अधिक आहे.

एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा विचार करावा. 'जेवते की व्यवस्थित, दोन्ही वेळा', असे ती सांगते. वास्तवात सकाळचा भात संध्याकाळी दुधाशी कालवून खाल्लेला असतो, दात नसल्याने भाकरी सुटलेली असते आणि मधल्या वेळी केवळ चहा असतो. तिच्या दौर्बल्यावर आपण रसायन देतो, बल्य योग देतो. परंतु जो धातू पोषक अन्नाअभावी क्षीण झाला आहे तो पोषणाशिवाय केवळ औषधाने भरून येत नाही. ती मधुमेहासाठी साखर उतरविणाऱ्या आधुनिक गोळ्या घेत असेल आणि सांगितलेल्या आहारावर विसंबून आपणही प्रमेहघ्न योग जोडला, तर एखाद्या रात्री तिची रक्तशर्करा इतकी खाली जाईल की त्यातून प्राणावर बेतू शकेल. आहाराचा वृत्तांत ही केवळ कागदोपत्री औपचारिकता नाही ती यासाठी.

स्थूल रुग्णाच्या बाबतीतही हानी होतेच. 'काहीच न खाता वजन वाढते' हे वाक्य प्रमाण मानले की वैद्य लेखन द्रव्यांची मात्रा वाढवीत जातो, योग बदलीत जातो आणि अखेर औषध निष्फळ ठरवितो. ते वाक्य खोटे मानले तर रुग्ण अपमानित होऊन निघून जातो. दोन्ही टोके टाळून मधला मार्ग शोधणे हेच वैद्याचे कौशल्य आहे.

आपले शास्त्र काय सांगते?

या प्रश्नाची जाण आपल्या आचार्यांना होती, असे आम्हास वाटते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील चौथ्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान ही रोगविज्ञानाची तीन साधने सांगितली आहेत. ज्या गोष्टी रुग्णास विचारूनच जाणाव्यात त्याही तेथे नमूद आहेत. ग्रहणीचे मृदुत्व वा दारुणत्व, स्वप्ने, अभिप्राय, आवडनिवड, सुखदुःख या त्या गोष्टी होत. अग्नी मात्र जरणशक्तीवरून आणि बल व्यायामशक्तीवरून अनुमानाने जाणावयास सांगितले आहे. जे केवळ रुग्णालाच ठाऊक असते ते त्याला विचारावे आणि जे त्याच्या शरीरावर उमटते ते वैद्याने पारखावे, असा हा विवेक आहे. किती खाल्ले हे विचारून जाणावयाच्या यादीत नाही, ही गोष्ट मननीय आहे.

त्याच विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील अष्ट आहारविधिविशेषायतने आपण परीक्षेसाठी पाठ करतो. त्यांतील 'राशी' या आयतनाचे सर्वग्रह आणि परिग्रह असे दोन भेद आहेत. संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण तो सर्वग्रह आणि त्यातील एकेका द्रव्याचे पृथक् प्रमाण तो परिग्रह. रुग्ण आपल्याला सांगतो तो सर्वग्रह, तोही अंदाजाने. तेल, साखर, मीठ, तूप यांचा परिग्रह तो सांगत नाही, कारण ही द्रव्ये ताटात वेगळी दिसतच नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आधाराने १९७२ पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण केंद्राचे सर्वेक्षक प्रमाणित वाट्यांचा संच घेऊन घरोघर जात. स्वयंपाकात पडलेला एकूण कच्चा शिधा, शिजलेल्या अन्नाचे एकूण माप आणि त्यांतून एका व्यक्तीने घेतलेल्या वाट्या, यांच्या त्रैराशिकावरून ते त्या व्यक्तीचा वाटा काढीत. सर्वग्रहावरून परिग्रहाकडे जाण्याचीच ही रीत नव्हे काय?

प्रश्न विचारण्याची रीत

वेळेच्या मर्यादेत चिकित्सालयात काय करता येईल, याविषयी पुढील सूचना आम्ही नम्रपणे करीत आहोत. अमेरिकेच्या कृषिखात्याने २४ तासांचा आहार पाच टप्प्यांत विचारण्याची पद्धत विकसित केली. ५२४ स्वयंसेवकांवर ती पडताळली तेव्हा एकूण तूट ११ टक्के आणि प्राकृत वजनाच्या व्यक्तींत ३ टक्क्यांहूनही कमी आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे योग्य रीतीने विचारल्यास स्मृती बरीच साथ देते. हे टप्पे आपल्या व्यवहारात असे उतरविता येतील :

१. 'एरवी' हा शब्द टाळून 'काल सकाळी उठल्यापासून' असे विचारावे. रुग्ण सांगेल तसे, मध्ये न अडविता लिहून घ्यावे.

२. त्यानंतर विसरल्या जाणाऱ्या पदार्थांची नावे एकेक करून घ्यावीत. चहा-कॉफी, बिस्किटे, फरसाण, फळे, लोणचे-पापड, प्रसाद, सरबत, सुपारी-बडीशेप, मद्य. 'घेता का?' असे न विचारता 'काल चहा किती वेळा झाला?' असे विचारावे. घेणे गृहीत धरलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणे रुग्णास सोपे जाते.

३. प्रत्येक खाण्याची वेळ व प्रसंग विचारावा. वेळ आठवताना खाणे आठवते आणि अध्यशन व विषमाशन यांचा उलगडाही येथेच होतो.

४. मग प्रमाण आणि संस्कार. वाटी कोणती, पोळी कोणती? पातळ फुलक्याला २०-२५ ग्रॅम कणीक लागते. तेल लावून केलेल्या घडीच्या पोळीला त्याच्या दुपटीपर्यंत लागू शकते. टेबलावर दोन-तीन आकारांच्या वाट्या व एक चहाचा चमचा ठेवल्यास बोलण्याऐवजी बोटाने दाखविता येते.

५. शेवटी, 'आणखी काही आठवते का?' असे विचारून क्षणभर थांबावे. या शांततेत पुष्कळदा सर्वांत महत्त्वाची गोष्ट बाहेर येते.

काल सण वा लग्नकार्य होते का, हेही विचारावे आणि शक्य तर पुढील भेटीत दुसऱ्या एखाद्या वाराचा आहार घ्यावा. एका दिवसावरून स्वभाव ठरविता येत नाही.

पडताळा

विचारून झाल्यावर अनुमानाचे काम सुरू होते. सर्वांत सोपा पडताळा किराण्याचा. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा तेलाचा डबा संपतो असे कळले, तर दरडोई रोज सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ३८ ग्रॅम तेल होते. एकट्या तेलातूनच ३४० कॅलरी! 'भाजीला नावापुरते तेल' हे वर्णन मग आपोआप तपासले जाते. डबा कधी आणला हे घरच्या गृहिणीला अचूक आठवते. घास आठवत नाहीत. औषधनिर्मितीचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या बंधूंना हे सहज पटेल, कारण नोंदवहीपेक्षा गोदामातील शिल्लक अधिक खरे बोलते, हा त्यांचा नित्याचा अनुभव आहे.

चहाची साखर अशीच मोजावी. दिवसाला चार कप व प्रत्येकी दोन चमचे धरले तर सपाट चमच्यानेही ३५-४० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या शर्करेसाठी जी अधिक इष्ट मर्यादा सुचविली, ती दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे. मिठाच्या बाबतीत स्मृती जवळजवळ निरुपयोगी ठरते; म्हणूनच १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३२ देशांतील १०,००० हून अधिक व्यक्तींच्या इंटरसॉल्ट अभ्यासात आहार न विचारता २४ तासांचे मूत्र तपासले गेले. आपल्याला वजनाचा काटा, मलपरीक्षण, साम-निराम जिव्हा, जीर्णाहारलक्षणे आणि उपशय-अनुपशय ही साधने सदैव उपलब्ध आहेत. सांगितलेला आहार व ही लक्षणे जुळत नसतील तर औषध बदलण्यापूर्वी आहार पुन्हा विचारावा.

आहाराची वही लिहावयास सांगणे हाही चांगला उपाय आहे. मात्र तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. लिहावे लागते म्हणून माणूस कमी खातो किंवा सोपे खातो. चिकित्सा म्हणून हे इष्टच आहे. परंतु वही सुरू होण्यापूर्वी तो काय खात होता, याचा पुरावा म्हणून ती चालत नाही.

आपल्या औषधांचाही हिशोब

रुग्ण जे आहारात मोजत नाही त्यात आपण दिलेली औषधेही येतात. बहुतेक प्रचलित च्यवनप्राशांत साखरेचा वाटा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. दिवसाला २४ ग्रॅम अवलेह घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात त्यातून १२ ग्रॅम वा अधिक साखर जाते. आसवारिष्टांतील गूळ-साखर, मधाचे अनुपान, सिद्धघृत, साखरयुक्त कल्प व ग्रॅन्यूल्स हे सारे शेवटी अन्नच आहे. 'साखर बंद आहे' असे प्रामाणिकपणे सांगणारा प्रमेही रुग्ण यांचा उल्लेख करणार नाही, कारण त्याच्या लेखी ते औषध आहे. फार्मसीचालकांनी वेष्टनावर एका मात्रेतील शर्करेचे प्रमाण ठळकपणे छापावे आणि मापाचा चमचा वा पेला सोबत द्यावा, अशी आमची विनंती आहे. 'दोन चमचे' म्हणजे किती, हा प्रश्न भाजीइतकाच औषधालाही लागू आहे.

संशोधनाच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. आपल्या नियतकालिकांतून येणाऱ्या रुग्णवृत्तांत 'रुग्णाने पथ्यपालन केले' हे एक वाक्य असते. ते कोणी, कसे तपासले याचा उल्लेख क्वचितच आढळतो. पथ्य पाळले नसताना गुण आला असेल तर औषधाचे श्रेय अधिक. पाळूनही आला नसेल तर औषधाचा विचार पुन्हा करावयास हवा. हे ठाऊक नसेल तर दोन्ही निष्कर्ष हवेत राहतात आणि टीकाकारांच्या हाती आपणच शस्त्र देतो.

याकरिता एक लहानशी सवय आम्ही सुचवितो. केसपेपरवर आहाराच्या रकान्यात जे रुग्णाने सांगितले त्यापुढे 'रुग्णोक्त' असे लिहावे. जे घरच्या माणसाकडून कळले त्यापुढे 'गृहोक्त', आणि जे लक्षणांवरून वा हिशोबाने पडताळले त्यापुढे 'अनुमित'. तीन शब्दांना अधिकचा वेळ लागत नाही. परंतु महिन्याभराने औषधाचा गुण येत नाही असे दिसेल, तेव्हा संशय कोठून धरावयाचा हे तो कागद स्वतःच सांगेल आणि रुग्णावर अविश्वास दाखविण्याची वेळही वैद्यावर येणार नाही.